रंग उतरल्यावर

उडी मारणारे कोळी म्हटलं की लोकांना आधी त्यांचे रंग आठवतात. साहजिकच आहे. पानावर उन्हात बसलेल्या क्रिसिलाच्या नराचा निळा-तांबडा झगमगाट एकदा पाहिला की विसरता येत नाही. आमचं काम मात्र रंग गेल्यावर सुरू होतं. अल्कोहोलच्या कुपीत टाकलेला हिरवा कोळी काही दिवसांत पिवळट पडतो, खवल्यांची झळाळी मावळते, पाय पोटाशी आखडतात. मग हाती उरतात डोळ्यांची मांडणी, जबड्यावरचे दात, पायांवरचे काटे आणि नर-मादीचे जननावयव. कोकणातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता माझी बरीच वर्षं या उरलेल्या गोष्टींच्या नादात गेली. त्यातून एक मत पक्कं होत गेलं. या कोळ्यांत पहिल्या नजरेत जे भरतं, त्यावरून कोण कोणाचा सोयरा हे ठरवायला जाऊ नये.

या कुलाचं शास्त्रीय नाव साल्टिसिडी. कोळ्यांमधलं हे सर्वांत मोठं कुल. आजवर साडेसहा हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि त्यांतल्या बहुतेक उष्ण कटिबंधातल्या आहेत. यांतले बहुतेक कोळी भक्ष्यासाठी जाळं लावत नाहीत, पाळत ठेवून झडप घालतात. उडी घेण्याआधी बुडाशी धागा चिकटवून ठेवतात, म्हणजे नेम चुकला तरी खाली आपटायला नको. उडी मारायला मागच्या पायांत भक्कम स्नायू असतील असं वाटतं. पण कोळ्याच्या पायाच्या दोन मुख्य सांध्यांत पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून तो पाय ताणतो. जीव गेला की दाब गेला, म्हणून मेलेल्या कोळ्याचे पाय आखडलेले असतात. मोजमापं घेताना एकेक पाय सुईने हळूच उलगडावा लागतो, आणि त्यात एखादा तुटला की नमुन्याची किंमत निम्म्यावर येते. हे शिकवायला वर्गातला फळा उपयोगाचा नाही, टेबलाशीच शिकावं लागतं.

कुल ओळखणं सोपं आहे. डोळे आठ, आणि समोरून पाहिलं तर मधले दोन इतके मोठे की बाकीच्या चेहऱ्याकडे लक्षच जात नाही. या दोन डोळ्यांची भिंगं कवचाचाच भाग असतात, त्यामुळे ती जागची हलत नाहीत. आत मात्र एक लांब नळी असते आणि तिच्या टोकाशी दृष्टिपटल. प्रत्येक नळीला सहा स्नायू जोडलेले असतात. डोळा बाहेरून स्थिर राहतो आणि आतलं दृष्टिपटल डावीकडे-उजवीकडे, वर-खाली फिरत समोरचं दृश्य चाचपतं. मायकेल लँड यांनी १९६९ साली या हालचाली बारकाईने नोंदवल्या. आमच्याकडे त्यांच्यासारखी उपकरणं नाहीत, पण त्यातलं थोडं साध्या भिंगातूनही दिसतं. काचेच्या नळीत फिकट रंगाची जिवंत मादी ठेवून समोरून बघत राहावं. तिचा डोळा काळाभोर दिसतो आणि बघता बघता तपकिरी होतो. पुन्हा काळा. काळा म्हणजे नळी थेट आपल्या दिशेने आहे, तपकिरी म्हणजे ती बाजूला वळली आहे. एका विद्यार्थिनीने भिंगावरून मान वर न करताच विचारलं होतं, “मॅडम, ही माझ्याकडे बघतेय?” मी म्हटलं, “डोळा काळा दिसतोय ना? मग तुझ्याकडेच.”

बहुतेक साल्टिसिडींमध्ये डोळ्यांच्या तीन ओळी असतात: पुढे चार, त्यामागे दोन, त्याच्याही मागे दोन. मधल्या ओळीतले दोन डोळे इतके बारीक असतात की शोधावे लागतात. पण पोर्शिया आणि तिच्या गोतावळ्यात हेच डोळे चांगले मोठे असतात. सह्याद्रीतल्या पानांच्या खालच्या अंगाला मिळणाऱ्या नाजूक, जवळजवळ पारदर्शक असेमोनियामध्ये तर ओळी चार, आणि प्रत्येकीत दोन-दोन डोळे. डोळ्यांची ही मांडणी अल्कोहोलमध्ये बदलत नाही. म्हणून नवा विद्यार्थी आला की मी त्याला आधी डोळे काढायला लावते. कागदावर शिरोवक्षाची, म्हणजे डोकं-छातीच्या जोड भागाची, बाह्यरेषा, तीत आठ वर्तुळं, आणि त्यांतलं अंतर मोजून. या चित्रांना पोरं कंटाळतात. पण हे केल्याशिवाय पुढचं समजत नाही.

आंबोलीच्या घाटात किंवा सावंतवाडीकडच्या काजूच्या बागांत आम्ही फिरतो तेव्हा सामान फारसं नसतं. वनखात्याची परवानगी, एक मोठी छत्री, काठी, कुप्या आणि पेन्सिल. छत्री उलटी धरायची आणि वरच्या फांदीवर काठीने दोन-तीन टोले द्यायचे. खाली पडलेल्या पानं-किड्यांच्या पसाऱ्यातून जे उडी मारतं ते आपलं. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. जागा, तारीख, झाड, जमिनीपासूनची उंची, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही देखणा असला तरी अभ्यासाला निरुपयोगी, आणि याबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

काजू-आंब्याच्या झाडांवर पानं शिवून घरटी करणारे तांबडे हुमले असतात. बागेतले काका लांबूनच ओरडतात, “मॅडम, थंय जाव नकात, हुमले आसत!” आम्ही तिकडेच जातो, कारण हुमल्यांच्या रांगेच्या कडेने, त्यांच्यापासून थोडं अंतर राखून, मिरमॅप्लाटा प्लाटालिऑइडिस हिंडत असतो. तो हुबेहूब हुमला दिसतो. तोच तांबूस रंग, तीच बारीक कंबर. पुढचे दोन पाय उचलून तो ते मुंगीच्या मिशांसारखे हलवतो, म्हणून मोजायला गेलं तर चालायला सहाच पाय दिसतात. शिरोवक्षाच्या मध्यावर खाच आहे, त्यामुळे डोकं आणि छाती वेगळी असल्याचा भास होतो. नराचे जबडे तर डोक्यापुढे इतके लांब वाढलेले असतात की मादीशेजारी ठेवला तर ही दोघं एकाच जातीची आहेत हे कुणी मानणार नाही. झिमेना नेल्सन आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी २००६ साली दाखवलं की या गटातले लांब जबड्याचे नर भक्षकांना तोंडात ओझं धरून चाललेल्या मुंगीसारखे वाटतात. मुंग्यांपासून दूर राहणारे शिकारी त्यांना टाळतात, पण ओझ्याने अडकलेली मुंगी खास हेरणारे शिकारी त्यांच्या मागे लागतात. लांब जबड्यांची नराला अशी किंमत मोजावी लागते.

मुंगीचं हे सोंग फक्त आपल्याकडचं नाही. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातही मुंगीसारखे साल्टिसिडी आहेत, सॅरिंडा वगैरे. दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर कुणीही त्यांना चुलत भाऊ म्हणेल. पण ते नात्याने फार लांबचे आहेत. आपला मिरमॅप्लाटा अॅस्टिऑइडा या आशिया-ऑस्ट्रेलियात पसरलेल्या शाखेतला, सॅरिंडा अमिकॉइडा या अमेरिकी शाखेतला. मुंगीचं रूप या कुलात एकदा नव्हे, अनेकदा वेगवेगळ्या घराण्यांनी घेतलं आहे. बारीक कंबर, खाच पडलेला शिरोवक्ष, मिशांसारखे पाय, ही सगळी लक्षणं मुंग्यांच्या सहवासाने घडवलेली आहेत. त्यांवरून पूर्वज सांगता येत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना विचारायला लावते की हे लक्षण कोणाच्या दबावाखाली घडलं असेल. उत्तर ‘मुंगी’ किंवा ‘झाडाची साल’ किंवा ‘हिरवं पान’ असेल, तर वर्गीकरण करताना ते बाजूला ठेवायचं.

फ्रेंच अभ्यासक युजीन सिमाँ यांनी शंभरेक वर्षांपूर्वी जबड्याच्या दातांचा आधार घेतला होता. जबड्याच्या मागच्या कडेवर एकच साधा दात, एकच पण टोकाशी दुभंगलेला दात किंवा बरेच दात, असे त्यांनी साऱ्या कुलाचे तीन भाग पाडले. हे काम १९०१ ते १९०३ मधलं. कल्पना चांगली होती. दात रंगासारखा उडत नाही, मोजता येतो, आणि मेलेल्या नमुन्यातही तसाच राहतो. आजही मी जबडा सुईने उघडून दात पाहतेच, त्याने पुष्कळ शक्यता एका फटक्यात बाद होतात. पण वेन मॅडिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासल्यावर दिसलं की दुभंगलेला दात वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आलेला आहे. मॅडिसन यांनी २०१५ साली मांडलेलं वर्गीकरण आज नात्यांचा सर्वांत भक्कम आधार मानलं जातं. पोलंडचे येझी प्रुशिन्स्की यांनी २०१७ साली वेगळी, व्यवहाराची मांडणी केली. तिचा भर जननावयवांच्या चित्रांवर आहे, म्हणजे ज्याच्या हातात डीएनएचं यंत्र नाही, फक्त सूक्ष्मदर्शक आहे, त्यालाही काम करता यावं. या दोन मांडण्यांवरून अभ्यासकांत बरेच वाद झाले. मला दोन्ही लागतात. टेबलावर नमुना ओळखताना मी प्रुशिन्स्कींची चित्रं उघडते, आणि नात्याबद्दल लिहायची वेळ आली की मॅडिसन यांच्याकडे जाते.

शेवटी जातीचं नाव ठरतं ते पॅल्प आणि एपिगाईनवर.

पॅल्प म्हणजे तोंडाशेजारची पायांसारखी छोटी जोडी. मादीत ती साधी असते. पूर्ण वाढलेल्या नरात तिच्या टोकाला एक गुंतागुंतीचं यंत्रच तयार होतं. नराच्या पोटातल्या ग्रंथींशी त्याचा आतून काही संबंध नसतो. नर आधी छोटीशी जाळी विणून तिच्यावर शुक्राणूंचा थेंब ठेवतो आणि तो पॅल्पमध्ये ओढून घेतो. मग मादी शोधायला निघतो. पॅल्पच्या टोकाला फुगणारा बल्ब असतो आणि त्यातून निघणारी काळी, कडक, सुईसारखी बारीक एम्बोलस. ती कधी आखूड असते, कधी बल्बाला वळसे घालून आलेली. मिरमॅप्लाटा आणि त्याचा जवळचा वंश मिरमॅराक्नी यांत बल्ब जवळजवळ गोल असतो आणि एम्बोलस त्याच्या कडेने फिरून येते. पॅल्पच्या टिबियावर, म्हणजे टोकाच्या आधीच्या खंडावर, बाहेरच्या अंगाला एक काटा असतो. त्याचं टोक सरळ आहे की वाकलेलं, एक आहे की दोन, यावर पुष्कळ काही ठरतं.

चित्र नेहमी डाव्या पॅल्पचं काढायचं, एकदा खालून आणि एकदा बाहेरच्या बाजूने. हा जगभरचा रिवाज आहे. डावा तुटलेला असेल तर उजवा काढून चित्र उलटं करायचं आणि तसं लिहायचं. नमुना आडवा पडू नये म्हणून अल्कोहोलच्या बशीत पांढरी बारीक वाळू टाकून त्यात तो खोचून ठेवते. योग्य कोन मिळेपर्यंत बराच वेळ जातो, कारण एम्बोलसच्या टोकाचा आकार कोन जरा बदलला की वेगळाच दिसतो. दोन वेगळ्या कोनांतून काढलेल्या चित्रांवरून दोन जाती झाल्याची उदाहरणं जुन्या लेखनात आहेत. म्हणून घाईने काढलेल्या चित्राचा मला राग येतो. पुढच्या कुणालातरी ते वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं.

मादीचं काम याहून नाजूक. पोटाच्या खालच्या अंगाला, पुढच्या भागात, एपिगाईन ही अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरची कडक चकती असते. वरून फक्त दोन छिद्रं किंवा एखादा खळगा दिसतो. खरी ओळख आत. बारीक टाचणी बांबूच्या काडीत बसवून तिच्या टोकाने ही चकती भोवतीच्या कातडीपासून सोडवायची आणि लवंगेच्या तेलात ठेवायची. रात्रभर प्रयोगशाळेत लवंगेचा वास दरवळतो. सकाळपर्यंत मऊ भाग पारदर्शक झालेले असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली नळ्या उमटतात. मिरमॅराक्नीच्या गटात त्या जिलबीच्या वेढ्यांसारख्या वळत शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्यांपर्यंत जातात, काही वंशांत त्या आखूड आणि सरळ असतात. ते चित्र पहिल्यांदा नीट दिसतं तेव्हा टेबलाभोवतीची सगळी माणसं गप्प होतात. बाहेरून राखाडी, साध्यासुध्या दिसणाऱ्या मादीच्या आत इतकी नेमकी रचना असते, आणि ती फक्त तिच्याच जातीची असते.

इतकी नेमकी का? लेआँ द्युफूर यांनी १८४४ साली किड्यांच्या अवयवांबद्दल कुलूप-किल्लीची कल्पना मांडली. एका जातीची किल्ली दुसऱ्या जातीच्या कुलपाला लागू नये, म्हणून हे आकार. बराच काळ हेच उत्तर पुरेसं वाटलं. पुढे उष्ण कटिबंधात कोळी आणि किडे यांचा अभ्यास करणारे विल्यम एबरहार्ड यांनी १९८५ च्या पुस्तकात वेगळं म्हणणं मांडलं: मिलन झालं म्हणून मादीची निवड संपत नाही. कोणाचे शुक्राणू वापरायचे यावर तिचं शरीर नंतरही प्रभाव टाकतं, आणि नरांचे अवयव त्या चाचणीला उतरता उतरता झपाट्याने बदलत जातात. मला हे दुसरं पटतं. मग लक्षात येतं की पॅल्पसुद्धा कुणाच्यातरी दबावाखालीच घडलेला आहे. पण हा दबाव मुंगीचा किंवा पानाचा नाही, स्वतःच्याच जातीच्या मादीचा आहे. म्हणून दूरचं नातं सांगायला पॅल्प एकटा अपुरा पडतो, आणि जवळच्या दोन जाती वेगळ्या करायला त्याच्याइतका उपयोगी भाग दुसरा नाही.

हे अवयव अखेरची कात टाकल्यावरच पूर्ण होतात. म्हणून पिल्लं हाती आली तर मी ती सोडून देते. शेवटच्या कातीच्या आधीचा नर मात्र ठेवते. त्याचे पॅल्प फुगलेले असतात, पण आतली रचना अजून झाकलेली. त्याला जाळीच्या झाकणाच्या बरणीत ठेवायचं, एका कोपऱ्यात ओला कापूस, आणि जास्त पिकलेल्या केळ्यावर वाढवलेल्या बारीक माश्या खायला द्यायच्या. एके दिवशी तो बरणीच्या कडेला रेशमी पिशवी करून तीत बसतो आणि बाहेर येतो तो वेगळाच कोळी असतो.

घराच्या भिंतीवरचे कोळी या सगळ्यात मागे राहतात, आणि ते बरोबर नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा प्लेक्सिपस पायकुली आणि पॅल्पवर पांढरे केस मिरवणारा हासारियस अॅडनसोनी आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतात. दोघांचीही शास्त्रीय नावं १८२६ सालची, ओदुअँ यांनी दिलेली. त्या नावांमागची चित्रं मात्र सॅव्हिन्यी यांची. ते नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेले होते. पुढे त्यांची दृष्टी गेली आणि स्वतःच्याच चित्रांचं वर्णन लिहिणं त्यांना जमलं नाही, म्हणून ते काम ओदुअँ यांच्याकडे आलं. सूक्ष्मदर्शकाशी बसून डोळे चुरचुरू लागले की मला सॅव्हिन्यी आठवतात. आपल्याकडे कोळ्यांच्या अभ्यासाचा पाया बी. के. टिकादर यांनी घातला आणि त्यांचं पुष्कळ काम पुण्यात झालं. त्या काळात तुलनेला परदेशी नमुने मिळणं किती कठीण असेल याची कल्पना करावी. त्यामुळे भारतातल्या काही जाती फिडिपससारख्या मूळच्या अमेरिकी वंशांत नोंदल्या गेल्या. त्या आता एकेक करून पुन्हा तपासायला हव्यात, आणि त्यासाठी संग्रहालयात जपलेले मूळ नमुनेच लागतात. छायाचित्र पुरत नाही.

छायाचित्रांविषयी मला नेहमी विचारतात. मोबाइलवर फोटो येतो, सोबत लिहिलेलं असतं, ‘मॅडम, नाव सांगा.’ फोटोंचं मोल मला मान्य आहे. कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडावर, ही माहिती त्यातून मिळते, आणि कुपीत हरवणारा रंगही त्यातच टिकतो. मोठ्या, ठळक जातींचं नाव फोटोवरून सांगताही येतं. पिवळसर अंगावर दोन पट्टे असलेली टेलामोनिया डिमिडिआटा तशीच. याच निरुपद्रवी कोळ्याचं नाव २००२ च्या सुमारास शौचालयात लपून माणसं मारणारा विषारी कोळी म्हणून ई-मेलमधून जगभर फिरलं होतं, आणि अजूनही अधूनमधून कुणी ते घाबरून मला पाठवतं. पण बहुतेक जातींत, विशेषतः पाचोळ्यातल्या तपकिरी, चार-पाच मिलिमीटरच्या कोळ्यांत, फोटोवरून वंशाच्या पुढे जाता येत नाही. त्यासाठी पूर्ण वाढलेला एखादा नर आणि एखादी मादी मारावी लागते. मी मारते. ते मला आवडत नाही आणि सवयीचंही झालेलं नाही. लागतील तेवढेच घ्यायचे आणि घेतलेल्यातून मिळेल तितकी सगळी माहिती काढायची, एवढं मी पाळते. ज्या जातीला नाव नाही, तिची जागा बांधकामाखाली गेली तरी कोणत्याच कागदावर तिची नोंद होत नाही.

२०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातल्या एका नव्या जातीला आयसियस तुकारामी हे नाव मिळालं. २६/११ च्या मुंबई हल्ल्याच्या रात्री गोळ्या झेलत दहशतवादी कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. आमच्या विद्यार्थ्यांनी ती बातमी विभागाच्या फलकावर लावली. त्यातल्या एकाने विचारलं, आपल्याही कुपीत एखादी नवी जात असेल का? असेल. कपाटात आंबोलीच्या पाचोळ्यातली एक मादी आहे. तिच्या एपिगाईनच्या नळ्या मला आजवर पाहिलेल्या कोणत्याही चित्राशी जुळलेल्या दिसल्या नाहीत. पण तिचा नर मिळालेला नाही, आणि एका मादीवर नवी जाती उभी करायला मी तयार नाही. शेजारच्या दऱ्यांतून नर हाती यावा, त्याचा पॅल्प आणि तिच्या नळ्या शेजारी ठेवून पाहाव्यात, आणि पुण्याच्या आकुर्डीतल्या प्राणी सर्वेक्षण केंद्राच्या संग्रहात जवळच्या जातींचे मूळ नमुने असतील तर तेही तपासावेत, एवढं बाकी आहे. तोवर तिच्या चिठ्ठीवर वंशाच्या नावापुढे पेन्सिलने ‘जाती अनिश्चित’ असंच लिहिलेलं राहील. पाऊस ओसरला की आम्ही पुन्हा तिकडे जाणार आहोत.